चंद्रपूर ४५ अंश, समुद्र ३० अंश, मग वादळ समुद्रातच का?

ज्यांनी हा एपिसोड लोकलमध्ये कानात इअरफोन घालून ऐकलाय, त्यांच्यासाठी खाली नवीन फारसं काही नाही. पण बऱ्याच जणांनी मेसेज केला की "दादा, ते मोदकाचं आणि कोयनेचं गणित परत लिहून टाक, ऐकताना सुटलं." म्हणून हा लिखित भाग. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' शक्य तितके काढलेत, काही राहिले असतील.

तर झालं असं. मी राहतो नवीन पनवेलला, काम सॉफ्टवेअरचं. गेल्या मे महिन्यात सोसायटीतल्या काकूंनी सांगितलं की सुट्टीत मुलं दिवसभर मोबाईल घेऊन बसतात, तर रविवारी तासभर काहीतरी शिकव. मी म्हटलं, शिकवतो. विषय घेतला चक्रीवादळ, कारण मुलं आठवी-नववीची, आणि २०२० चं निसर्ग वादळ त्यांना अर्धवट आठवतं. लॉकडाऊन, वर वारा, वीज गेलेली, खिडकीला लावलेला पत्रा धडधडतोय, एवढंच.

मी अगदी ऐटीत सुरुवात केली. प्रोजेक्टर, उपग्रहाचं चित्र, सगळं. म्हटलं, "बघा, समुद्राचं पाणी गरम असतं. गरम पाण्यावरची हवा गरम होते. गरम हवा हलकी, ती वर जाते. खाली जागा रिकामी होते, तिथे बाजूची हवा धावत येते. झालं वादळ."

मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "दादा, मग चंद्रपूरला का नाही होत?"

हा मुलगा मूळचा उरणजवळच्या करंजाचा, वडील बोटीवर जातात. शाळेसाठी इकडे मामाकडे राहतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. टीव्हीवर रोज दाखवतात, चंद्रपूर ४५ अंश. समुद्राचं पाणी तर फार फार तर ३० अंश. गरम हवाच वर जायची असेल तर चंद्रपूरला रोज चक्रीवादळ व्हायला पाहिजे.

खरं सांगतो, मला पटकन उत्तर आलं नाही. बीटेकच्या पहिल्या वर्षी थर्मोडायनॅमिक्स होतं, ते मी ज्या पद्धतीनं पास झालो ती इथे सांगण्यासारखी नाही. "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. मग आठवडाभर रात्री वाचत बसलो, आणि लक्षात आलं की मी जे शिकवलं ते अर्धंच होतं, आणि नेमका महत्त्वाचा अर्धा भाग गायब होता. 'गरम समुद्र वादळाला ऊर्जा देतो' हे वाक्य आपण बातम्यांत इतक्यांदा ऐकतो की ती ऊर्जा कशी देतो हे विचारायचं राहूनच जातं.

आधी मोदकाकडे या.

उकडीचे मोदक आपण पाण्यात बुडवत नाही. मोदकपात्रात खाली पाणी, वर जाळी, आणि मोदक शिजतो तो नुसत्या वाफेवर. वाफेचं तापमान १०० अंश. आता ओव्हनचा विचार करा. आत हवा १८० अंश असते, तरी ट्रे काढताना त्या हवेत क्षणभर हात गेला तर काही होत नाही. पण कुकरच्या वाफेवर हात गेला तर? तीही १०० अंशांच्या आसपासच, म्हणजे ओव्हनपेक्षा कितीतरी थंड. तरी फोड येतो.

कारण त्या वाफेत तापमापीला न दिसणारी उष्णता असते. तुमच्या दहावीच्या पुस्तकात तिला 'अप्रकट उष्मा' म्हणतात, कॉलेजात लेटंट हीट. एक ग्रॅम पाणी ० अंशापासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात. पण १०० अंशांच्याच पाण्याची १०० अंशांचीच वाफ करायला ५४० कॅलरी लागतात. तापमान एक अंशानंही वाढलं नाही, आणि साडेपाचपट उष्णता गिळली गेली. ती कुठे गेली? पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, ती पकड सोडवण्यात. आणि वाफेचं पुन्हा पाणी होतं तेव्हा हा सगळा हिशोब परत मिळतो, एक पैसाही न कापता. मोदकाच्या थंड पारीवर वाफ बसली, तिचं पाणी झालं, आणि ५४० कॅलरी मोदकात गेल्या. तुमच्या हातावर बसली तर हातात.

पाणी उकळायलाच पाहिजे असं नाही, हे लक्षात ठेवा. दोरीवरचे कपडे उकळत नाहीत, तरी वाळतात. समुद्रही ३० अंशांवर सतत वाळतच असतो. आणि ३० अंशांवर पाण्याची वाफ व्हायला उलट थोडी जास्तच उष्णता लागते, ग्रॅममागे साधारण ५८० कॅलरी.

दुसऱ्या रविवारी मी प्रोजेक्टर नेला नाही. दोन साधे तापमापी नेले. एकाच्या फुग्याला ओला कापूस गुंडाळला, दोन्ही पंख्याखाली ठेवले. दहा मिनिटांत ओला तापमापी पाच अंश खाली. मुलं म्हणाली, "माठासारखं." हो, अगदी माठासारखं. पाणी उडून जाताना सोबत उष्णता घेऊन गेलं. मग एका ग्लासात बर्फाचं सरबत ठेवलं. पनवेलच्या मे महिन्यात ग्लासाला घाम फुटायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मी विचारलं, हे थेंब आले कुठून? हवेतून, हे सगळ्यांना माहीत होतं. हवेतल्या त्या वाफेचं पाणी झालं तेव्हा तिच्याकडची उष्णता कुठे गेली? सगळे गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "सरबतात?" बरोबर. तुमचं सरबत लवकर कोमट होतं ते नुसतं बाहेर उकडतं म्हणून नाही, बाहेरून जो थेंब बसतो तो प्रत्येक थेंब सरबताला उष्णता देतो.

आता वादळ कळायला हे दोन प्रयोग पुरेत. समुद्र म्हणजे तो ओला कापूस. आकाशातला ढग म्हणजे तो ग्लास. कापसाकडची उष्णता वाफेच्या खिशात बसून वर जाते आणि काही किलोमीटर उंचीवर, ढगात, बाहेर पडते.

तर चंद्रपूर. तिथली ४५ अंशांची हवा वर जाते, शंकाच नाही. पण कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी थंड होते, कारण वर दाब कमी, हवा प्रसरण पावते आणि त्यात तिची ऊर्जा खर्च होते. तीन-चार किलोमीटर चढली की ती आजूबाजूच्या हवेइतकीच थंड झालेली असते. मग हलकी राहत नाही, थांबते. दमली.

समुद्रावरची हवा ३० अंशांचीच, पण ओलीचिंब. ३० अंशांवर एक मीटर लांब-रुंद-उंच अशा खोक्यातली हवा पूर्ण ओली असेल तर तिच्यात साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी. २० अंशांवर फक्त १७ ग्रॅम. ही ओली हवा वर गेली, थंड व्हायला लागली, की वाफेचं पाणी व्हायला सुरुवात, ढग. आणि पाणी झालं की अप्रकट उष्मा बाहेर. म्हणजे हवा वर जाताना थंड होतेय, आणि आतून कोणीतरी शेगडी पेटवतंय. ती किलोमीटरला १० अंशांऐवजी पाच-सहा अंशांनीच थंड होते. त्यामुळे आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम राहते, हलकी राहते, चढतच राहते. तीन-चार नाही, पंधरा किलोमीटरपर्यंत.

करंजाच्या मुलाला मी म्हटलं, चंद्रपूरच्या हवेकडे आग आहे, पण टाकी रिकामी आहे. त्याला ते पटलं. (मला हे वाक्य फार आवडलं नव्हतं, पण मुलांच्या तेच लक्षात राहिलं.) आणखी एक गोष्ट म्हणजे जमीन तापते ती वरवर. दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही, पण वीतभर खाली खणलं तर माती थंड. रात्री तो वरचा चटकाही जातो. समुद्राची उष्णता खाली कित्येक मीटर भरलेली असते, रात्र झाली म्हणून ती संपत नाही.

आता ते कोयनेचं गणित. वही-पेन घ्या, सोपं आहे.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता विजेच्या युनिटमध्ये मांडली तर साधारण ०.६७ युनिट. म्हणजे दोन किलोवॅटचा गिझर वीस मिनिटं. तेवढीच उष्णता त्या एक लिटरचा पाऊस होताना ढगात सुटते. आता समजा पनवेलवर १० मिलिमीटर पाऊस पडला. १० मिलिमीटर म्हणजे आपल्याकडे पाऊससुद्धा नाही, जुलैत तेवढा तर चहा होईस्तोवर पडतो. पनवेल महापालिकेचं क्षेत्र अंदाजे ११० चौरस किलोमीटर. एका चौरस किलोमीटरवर १० मिलिमीटर म्हणजे एक कोटी लिटर पाणी. त्यातून सुटलेली उष्णता ६७ लाख युनिट. गुणिले ११०, म्हणजे जवळजवळ ७४ कोटी युनिट.

कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. तो पूर्ण क्षमतेनं चोवीस तास चालवला तर दिवसाला ४.७ कोटी युनिट. म्हणजे पनवेलवरच्या त्या किरकोळ पावसानं आकाशात जेवढी उष्णता सोडली, तेवढी वीज करायला कोयना रात्रंदिवस जवळजवळ सोळा दिवस चालवावी लागेल. आणि चक्रीवादळ एका शहरावर १० मिलिमीटर पाडत नाही. ते शेकडो किलोमीटरच्या घेरात पाडतं, दिवसेंदिवस.

सगळी उष्णता वाऱ्यात जात नाही, फार छोटा भाग जातो. बाकीची वरच्या हवेत पसरते आणि शेवटी अवकाशात निघून जाते. पण छोटा भाग कशाचा आहे ते बघा.

इथे एका मुलीनं विचारलं की मग समुद्रावर रोजच ढग येतात, पाऊस पडतो, रोज का वादळ होत नाही? प्रश्न बरोबर आहे. सुट्या ढगांची उष्णता इकडे तिकडे विखुरते. वादळ व्हायला ती एका जागी साठावी लागते, आणि त्यासाठी एक चक्र सुरू व्हावं लागतं.

हे चक्र मला पॉडकास्टच्या भाषेत सांगता येतं. स्पीकरसमोर माईक नेला की काय होतं? कुईंईं. माईकचा आवाज स्पीकरमधून, स्पीकरचा परत माईकमध्ये, प्रत्येक फेरीत मोठा. समुद्रावर तेच होतं. एखाद्या ठिकाणी ढगांचा पुंजका जमला, उष्णता सुटली, वरची हवा गरम आणि हलकी झाली. वरचा थर हलका झाला की समुद्रावरचा हवेचा दाब कमी होतो. दाब कमी झाला की चहूबाजूंनी हवा आत धावते, म्हणजे वारा. आणि वारा सुटला की समुद्र जास्त वेगानं वाळतो, वारं असलं की कपडे लवकर वाळतात ना, तसंच. जास्त वाफ, जास्त उष्णता, आणखी कमी दाब, आणखी वारा. कुईंईं.

म्हणजे वारा हा वादळाचा परिणाम तर आहेच, पण तोच त्याचा पंपही आहे. मी पहिल्या रविवारी हेच चुकवलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटीचे केरी इमॅन्युएल यांनी १९८६ साली हे चक्र इंजिनाच्या गणितात मांडलं. खाली ३० अंशांचा समुद्र हा गरम टोक, वर पंधरा किलोमीटरवर उणे ७० अंशांच्या आसपासची हवा हे थंड टोक, आणि मधे फिरणारी हवा. गाडीच्या इंजिनाला लागू होतो तोच नियम. आणि इंधन भरलं जातं ते ढगात नाही, खाली, पाण्याच्या पृष्ठभागावर.

हवा सरळ आत न जाता गोल का फिरते? पृथ्वी फिरते म्हणून. त्याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात, त्यावर वेगळा एपिसोड लागेल. एवढंच लक्षात ठेवा की उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, आणि विषुववृत्ताच्या अगदी जवळ हा परिणाम इतका कमी असतो की तिथे वादळ तयारच होत नाही. आणि हो, अमेरिकेत हरिकेन, जपानकडे टायफून, आपल्याकडे चक्रीवादळ. यंत्र एकच.

आता निसर्गकडे येतो, कारण मला खरं तर त्याच्याबद्दलच बोलायचं होतं.

१ जून २०२० ला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन डिप्रेशन झालं. २ जूनच्या दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं, म्हणजे वारा ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला आणि त्याला नाव मिळालं. निसर्ग हे नाव बांगलादेशनं सुचवलेलं, नवीन यादीतलं पहिलंच. ३ जूनच्या पहाटेपर्यंत ते तीव्र चक्रीवादळ झालं, आणि दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर. डिप्रेशन ते किनारा, अडीच दिवसांत.

एवढ्या लवकर कसं वाढलं? समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान तेव्हा ३० अंशांच्याही वर होतं. चक्रीवादळाला साधारण २६.५ अंश लागतात असं पुस्तकं म्हणतात. तीन-चार अंश जास्त म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही, आंघोळीच्या पाण्यात कळणारही नाही. पण हवा एका अंशानं गरम झाली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. प्रत्येक फेरीत थोडं जास्त इंधन. माईक आणि स्पीकर आठवा, आवाजाचं बटण थोडंसंच वर केलंय.

नुसता पृष्ठभाग गरम असून चालत नाही. बशीतला चहा आणि किटलीतला चहा दोन्ही सारखेच गरम असतात, पण बशीतला फुंकर मारली की संपला. वादळ समुद्राला घुसळतं. खालचं थंड पाणी वर येतं. गरम थर पातळ असेल तर वादळ स्वतःच स्वतःचं इंधन थंड करून बसतं, खास करून एका जागी रेंगाळलं तर. म्हणून गरम थर पन्नासेक मीटर खोल तरी पाहिजे. हे खालचं तापमान उपग्रहाला दिसत नाही. त्यासाठी समुद्रात आर्गो नावाचे तरंगते मापक सोडलेत, जे दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खाली जाऊन वर येतात आणि मोजलेलं सगळं उपग्रहाला पाठवतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यातून समुद्रात किती उष्णता साठलीय याचे नकाशे काढते. इंजिनीअर म्हणून सांगतो, हे मापक मला रॉकेटपेक्षा भारी वाटतात.

किनाऱ्यावर आल्यावर निसर्गचं काय झालं? ते रायगडातून पुण्याच्या बाजूला गेलं, संध्याकाळपासून जोर उतरत गेला, आणि दुसऱ्या दिवशी विदर्भाकडे पोचेपर्यंत वादळ म्हणावं असं काही उरलं नव्हतं. लोक म्हणतात सह्याद्रीनं अडवलं. डोंगर, झाडं, घरं यांनी वारा अडतो हे खरं, पण मुख्य कारण खालून पाईप कापला गेला हे आहे. समुद्र मागे राहिला, वाफ संपली. चंद्रपूरला वादळ जन्मत नाही आणि तिकडे गेलेलं वादळ जगत नाही, दोन्हीचं उत्तर एकच.

पण पाईप कापल्यावर इंजिन लगेच बंद पडत नाही. फिरणारं चाक काही तास फिरत राहतं. त्या काही तासांत माझ्या मावशीची वाडी गेली.

मावशी श्रीवर्धनच्या बाजूला राहते. सुपारी, नारळ, मधे थोडं जायफळ. सुपारीचं झाड माहितीये ना, तीस-चाळीस फूट उंच आणि मनगटाहून थोडंच जाड. ३ जूनला दुपारी दोन-अडीच तासांत अर्ध्याहून जास्त बाग आडवी झाली. वीज कित्येक दिवस नव्हती, फोन लागत नव्हता, लॉकडाऊनमुळे आम्ही जाऊ शकलो नाही. तिसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा काका पडलेल्या झाडांकडे बघतही नव्हते. सुपारी लावल्यावर उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षं घेते. वाऱ्याचा वेग ११० म्हणून बातमीत सांगतात, पण ती मोजणी अशीही असते.

दुसऱ्या वर्षी तौक्ते आलं. ते जास्त भयंकर होतं, आणि ते का हे आता तुम्हीच सांगू शकाल. १४ मे २०२१ ला डिप्रेशन झालं आणि मग ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत गेलं. गोवा, रत्नागिरी, मुंबई, सगळं उजव्या हाताला ठेवून, सतत गरम पाण्यावरून. पाईप कापलाच गेला नाही. १७ मे ला मुंबईसमोरून गेलं तेव्हा ते अतितीव्र झालं होतं. मध्यभागी दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास, जो एरवी १,०१० च्या जवळ असतो. कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर, ते सुद्धा वादळ किनाऱ्याला न लागता. त्याच दिवशी बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि सत्तरच्या आसपास माणसं गेली. त्या रात्री वादळ दीवजवळ गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं.

करंजाच्या मुलाला तौक्ते चांगलं आठवत होतं. इशारा आला तेव्हा त्याच्या वडिलांची बोट बाहेर होती, परत येईपर्यंत आईनं जेवण केलं नव्हतं. तो म्हणाला, "दादा, मग जुलैमध्ये का नाही येत? तेव्हा तर किती वारा असतो." हाही चांगला प्रश्न, कारण मे आणि जून-जुलै यांत आपल्याला फरक फक्त पावसाचा वाटतो. पावसाळ्यात खालचा वारा नैऋत्येकडून जोरात येतो आणि बारा-पंधरा किलोमीटरवरचा वारा बरोबर उलट, पूर्वेकडून. ढगांचा मनोरा उभा राहायच्या आत वरचा अर्धा एकीकडे आणि खालचा अर्धा दुसरीकडे ओढला जातो. उष्णता एका जागी साठतच नाही. पत्त्यांचा बंगला पंख्याखाली बांधण्यासारखं आहे ते. शिवाय पावसाळ्यातल्या वाऱ्यानं अरबी समुद्र घुसळून थोडा थंडही होतो. म्हणून आपल्याकडे वादळाचे दोन हंगाम, पावसाळ्याच्या आधी मे-जूनची सुरुवात आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. नोव्हेंबर २००९ मधलं फयान आठवतंय का कोणाला? तेही असंच, पाऊस संपल्यावर, अलिबाग-मुंबईच्या मधे आलं होतं.

आणि एक गोष्ट मुलांना दोनदा सांगितली, इथेही सांगतो. वादळाच्या डोळ्यात वारा जवळजवळ थांबतो, कधी ऊनही पडतं. ते संपलेलं नसतं. अर्धं झालेलं असतं. दुसरी बाजू उलट दिशेच्या वाऱ्यानं येते. पत्रे गोळा करायला बाहेर पडलेली माणसं त्यातच सापडतात.

मावशीनं पुन्हा सुपारी लावलीय. हा एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी तिला फोन करून हे सगळं समजावलं, मोदकासकट. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक रे, पण परत येणार का ते सांग."

काय सांगणार? पुण्याच्या आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ च्या नोंदी तपासल्या, तर २००१ नंतरच्या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. समुद्र तापतोय, टाकी आधीपेक्षा जास्त भरलेली आहे. पण टाकी भरली म्हणजे गाडी निघालीच असं नसतं. ढगांचा पुंजका लागतो, वरचा वारा शांत लागतो, मधली हवा ओली लागते. आणि निघालेली गाडी श्रीवर्धनलाच येईल की ओमानला जाईल, हे मे महिन्यात घरी बसून कोणी सांगू शकत नाही. निघाल्यावर मात्र दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. मी तिला एवढंच सांगितलं.

ती म्हणाली, "मग तू बघत जा तो समुद्र. तुझं तरी काय, दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असतोस. काही दिसलं की फोन कर, आम्ही झाडांना टेकू लावू, नारळ उतरवून घेऊ."

म्हणून आता माझ्या फोनमध्ये दोन रिमाइंडर आहेत, १ मे आणि १ ऑक्टोबर. त्या हंगामात रोज सकाळी स्टँडअप मीटिंगच्या आधी हवामान खात्याचं बुलेटिन बघतो, आणि इन्कॉइसचा समुद्राच्या तापमानाचा नकाशा. करंजाच्या मुलालाही ती दोन्ही पानं काढून दिलीत, तो वडिलांना वाचून दाखवतो. परवा त्याचा मेसेज आला होता, "दादा, आज ३० दाखवतंय, पण वरचा वारा जोरात आहे." तीन महिन्यांपूर्वी हा मला चंद्रपूरचं विचारत होता.

चला, पुढच्या भागात कोरिऑलिस. एक फुटबॉल, एक गोल फिरणारी खुर्ची आणि भरपूर चक्कर लागेल, तयारीत या.